आडव्या बाटलीची मनकर्णाबाई

सावरडोहच्या मनकर्णाबाईला राग यायला कारण लागत नसे, समोर माणूस लागायचा. एसटीचा कंडक्टर, ग्रामसेवक, बांगडीवाला, लग्नात पंगत रेंगाळत वाढणारे वाढपी, देवळाच्या पायरीवर चपला काढणारे आणि चपला न काढणारेही. तिचा नवरा सूर्यभान म्हणजे गरीब गाय. तो म्हणायचा, "आमच्या घरची चूल इझते, मनकर्णा इझत नाही." हेसुद्धा तो ती विहिरीवर गेली की म्हणायचा. तो वारला तेव्हा शेजारणी हळूच म्हणाल्या की सुटला बिचारा, आणि मनकर्णाबाईनं ते ऐकलं, आणि तेराव्यापर्यंत त्या शेजारणींना तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

पण अशा बाईच्या हातून एक काम असं झालं की तालुक्यात तिचं नाव झालं.

गावात शिरताना एसटी थांबते तिथंच पूर्वी ओमप्रकाशचं देशी दारूचं दुकान होतं. मोर्शीच्या शाळेत जाणाऱ्या पोरी त्याच ठिकाणी बसची वाट बघायच्या. एका सकाळी एक गडी झोकांड्या खात आला आणि एका पोरीच्या दप्तरावर ओकला. पोरगी रडायला लागली, आणि दुकानात बसलेले लोक हसले. मनकर्णाबाई तेव्हा वावरात निघाली होती. लोकांना आजही वाटतं की तिचा नवरा पीत असणार, त्याशिवाय बाई एवढी पेटत नाही. सूर्यभाननं उभ्या जन्मात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. तिला दारूचा राग नंतर आला. आधी आला तो त्या हसण्याचा.

आपल्याकडे कायदा आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. उभ्या बाटलीवर मारला की दुकान चालू. हे मनकर्णाबाईला कुणी सांगितलं तर बौद्धपुऱ्यातल्या इंदूबाईनं. दोघी एकाच वावरात निंदायला जायच्या, एकाच झाडाखाली भाकर सोडायच्या. मग दोघींनी सगळं गाव पालथं घातलं. मनकर्णाबाईनं दार ठोकायचं आणि इंदूबाईनं आत जाऊन बसायचं, अशी वाटणी होती. एक भांडायची, दुसरी समजवायची. नुसत्या मनकर्णाबाईवर सोडलं असतं तर अर्ध्या बायांनी रागारागात उभ्या बाटलीवर शिक्का मारला असता, हे गावाला ठाऊक होतं. मनकर्णाबाईला नव्हतं.

आडवी बाटली जिंकली. ओमप्रकाश दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. मनकर्णाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, "बायाईनं सांगतलं. आता लाव कुलूप." त्याच क्षणी कुणीतरी फोटो काढला आणि तो पेपरात आला. फोटोत इंदूबाईचा फक्त खांदा दिसत होता. मनकर्णाबाईनं तो कापून काचेत बसवला आणि देवाच्या फोटोंच्या शेजारी टांगला. तेव्हापासून ती आडव्या बाटलीची मनकर्णाबाई झाली. जमीन सासऱ्याची, घर नवऱ्याचं, आडनावसुद्धा दुसऱ्याचं. पण हे नाव तिनं स्वतः कमावलं होतं. कुणी नुसतं मनकर्णाबाई म्हटलं तर ती ओ द्यायलाही वेळ लावायची.

इथवर सगळं ठीक होतं. पण जिंकलेलं माणूस घरी बसत नाही. मनकर्णाबाई गावभर लोकांच्या पिशव्या तपासायला लागली. पोळ्याला, मांडवसच्या सणाला, कुणाच्या घरी पाहुणे आले तर, ही हजर. इंदूबाईचा मुलगा श्रावण याच्या लग्नातही ती अशीच नाक वर करून फिरत होती, आणि नवरदेवाच्या गाडीत सीटखाली तिला एक बाटली सापडली. तिनं ती मांडवात आणली. वधूकडचे लोक बसलेले, सासरा पहिल्या ओळीत, मंगल परिणयाची तयारी झालेली. मनकर्णाबाईनं सगळ्यांच्या देखत बाटली मातीत ओतली आणि नवरदेवाला म्हणाली, "धर कान." श्रावणनं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दोन्ही कान धरले. बाटली त्याच्या मित्रांची होती हे दुसऱ्या दिवशी कळलं. मनकर्णाबाई म्हणाली, "मंग काय झालं? गाडी तर त्याचीच व्हती ना."

इंदूबाई त्या वेळी हार हातात घेऊन उभी होती.  नंतरही येत राहिली, निंदायला सोबत जात राहिली, म्हणून मनकर्णाबाई धरून चालली की इंदूबाई ते विसरली.

हे सगळं जुनं. यंदाच्या जानेवारीत मनकर्णाबाईचा मुलगा नितेश घरी आला आणि म्हणाला, "माय, अमरावतीले मोठा खाद्य महोत्सव हाय. तुहा सत्कार ठेवला हाय तिथं. गावच्या बायाईले रोडग्याचा स्टॉल बी भेटला." नितेश घरची संत्र्याची बाग बघायचा आणि दोन वर्षांपासून नांदगाव पेठेकडे एका कंपनीत जायचा. तिथं संत्र्याचं प्रोसेसिंग होतं, असं तो सांगायचा. प्रोसेसिंग म्हणजे सरबत आणि बर्फी, असं मनकर्णाबाईनं समजून घेतलं होतं. मध्ये एकदा तो काचेतला फोटो काढून घेऊन गेला होता. साफ करून आणतो म्हणाला आणि खरंच साफ करून आणला.

सत्कार म्हटल्यावर तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. जायला श्रावणचीच क्रूझर होती, कारण गावात भाड्यानं चालणारी दुसरी गाडी नाही. मनकर्णाबाई नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. ती सीट तिचीच, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. मागे इंदूबाई, गंगूबाई आणि बाकीच्या बाया पिठाचे डबे, वांगी आणि गोवऱ्यांची पोती सांभाळत कोंबून बसल्या. रिद्धपूरच्या फाट्यापर्यंत मनकर्णाबाईनं श्रावणला चार वेळा गाडी हळू चालव म्हणून आणि एकदा जोरात चालव म्हणून सांगितलं. श्रावणनं ना हो म्हटलं ना नाही. त्याच्या लग्नापासून तो तिच्याशी असाच होता.

महोत्सव बायपासवरच्या एका लॉनमध्ये होता. एरवी तिथं लग्नं लागतात, त्यामुळे गेटवर प्लास्टिकची फुलं कायमचीच. गेटच्या वर भलंमोठं फ्लेक्स. मनकर्णाबाई चौथी शिकलेली. तिनं मान वर करून अक्षर अक्षर वाचलं, "वऱ्हाडी खाद्य आणि वाइन महोत्सव."

"वाइन म्हंजे?" तिनं विचारलं.

"द्राक्षाचं काई तरी असते," गंगूबाई म्हणाली.

"दारू असते," श्रावण म्हणाला. सबंध रस्त्यात तो पहिल्यांदाच बोलला होता. मग त्यानं गोवऱ्यांचं पोतं खांद्यावर घेतलं आणि आत गेला.

मनकर्णाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सत्काराचं काय? तिनं मनाशी ठरवलं की हे बरंच झालं. माइक हातात आला की सगळ्यांना सोलून काढायचं. आयोजकांना, पुढाऱ्यांना, पिणाऱ्यांना आणि त्यांच्या बायकांनाही. अशी संधी चालून आली म्हणून तिला जवळजवळ आनंद झाला आणि ती तोऱ्यात आत शिरली.

आत सगळी उलटी दुनिया. ज्वारीचा हुरडा भाजणाऱ्या माणसाला फेटा बांधून बसवलेलं आणि पोरीबाळी त्याच्यासोबत सेल्फी काढत होत्या. गिला वडा, जो बसस्टँडवर कागदावर मिळतो, तो इथं छोट्या मडक्यात. पातोडीचा रस्सा एवढ्याशा वाटीत, म्हणजे औषध घ्यावं तसा. एका पाटीवर लिहिलं होतं, "अस्सल गावरान चव." मनकर्णाबाईनं त्या पाटीखालच्या माणसाला विचारलं, "तुह्यं गाव कोनतं?" तो म्हणाला, "ठाणे." ती त्याच्यापुढे थुंकली नाही एवढंच.

गावच्या बायांचा स्टॉल एका कोपऱ्यात होता. त्यांनी गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, इंदूबाई रोडग्यांची कणीक तिंबायला बसली. धूर झाला तशी दोन बायका नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "किती ऑथेंटिक!" मनकर्णाबाईला शब्द कळला नाही, पण शिवी असावी अशा बेतानं तिनं त्यांच्याकडे बघितलं.

मग तिला स्वतःचा हात दिसला.

समोरच्या मोठ्या स्टॉलवर, माणसापेक्षा उंच फ्लेक्सवर, वर उचललेला एक हात होता. त्याखाली नऊवारीतली बाई, रेघांनी काढलेली, नाकात तीच नथ, कपाळाला तीच आठी. तिच्या पायाशी एक बाटली आडवी पडलेली. खाली मराठीत लिहिलं होतं, "आमची बाटली आडवीच!" आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक शब्द. स्टॉलमध्ये लाकडी घोडीवर बाटल्या ओळीनं आडव्या निजवल्या होत्या आणि प्रत्येकीवर तीच बाई हात वर करून उभी होती. शेजारी कॉलेजातली एक मुलगी पेला हातात घेऊन उभी होती. मनकर्णाबाईनं तिचा दंड धरला.

"हे काय लिवलं हाय वो, पोरी?"

"मनकर्णा," मुलीनं वाचलं. "संत्र्याची वाइन आहे, आजी. छान आहे." मग तिनं एकदा फ्लेक्सकडे आणि एकदा आजीकडे बघितलं आणि पेला पाठीमागे लपवला.

स्टॉलच्या आतून नितेश धावत आला. अंगात कोट, गळ्यात ओळखपत्र. त्याच्या मागे कंपनीचा मॅनेजर, पुण्याकडचा, हसरा, हात जोडलेला.

"आजी, या या! तुमचीच वाट बघत होतो. तुमची स्टोरी आम्हाला इतकी भावली ना. आणि गंमत बघा, वाइनची बाटली आडवीच ठेवतात. बूच ओलं राहायला हवं."

"तू गप," मनकर्णाबाई म्हणाली. मॅनेजरला जन्मात कुणी असं गप केलं नसावं. तो झाला. मग ती मुलाकडे वळली. "काय केलं हे?"

"तुह्या नावानं केलं, माय. मायचं नाव जगभर झालं पाह्यजे म्हून."

"नाव! अबे, ज्या बाटलीवर मी पाय देला तिच्या डोक्यावर तू मले बशोलं?"

"हे दारू नोहे, माय. वाइन हाय. सरकारनंच..."

"पेलं तर चढते का नाही?"

नितेशनं गळ्यातलं ओळखपत्र चाचपलं.

"चढते का नाही, ते सांग!"

"थोडी चढते," तो म्हणाला. मग त्यालाही राग आला, आईचाच मुलगा तो. "बारीक संत्रं कोणी घेत नव्हतं. मोर्शीच्या रस्त्यानं ढीग टाकून देत होतो आपण. तू सोता टाकले. आता त्याच्यातून काई चांगलं झालं तं तुले पाहवत नाही. तुले आपलं कोणाचंच पाहवत नाही."

भोवती माणसं जमली. मोबाइल वर झाले. मनकर्णाबाईचा आवाज सबंध लॉनवर गेला, आणि तो आवाज मोर्शीच्या बाजारात बैल दचकवणारा होता.

"तुले काय ईकाचं ते ईक! नाल्याचं पानी ईक! पण माह्यं नाव काढ त्याच्यावरून. एवढं एकच हाय माह्यं. ते काढ!"

हे ती तीन-चारदा ओरडली. गावच्या बाया स्टॉल सोडून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. इंदूबाईचे हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले होते. तिनं सगळं ऐकलं.

मॅनेजर सावरला. त्याला वाटलं असणार की भांडण स्टॉलसमोर होण्यापेक्षा सत्कार स्टेजवर झालेला बरा. त्यानं निवेदिकेला खूण केली. क्षणात कर्ण्यातून आवाज आला, "आणि आता आपल्यामध्ये आहेत स्वतः मनकर्णाआजी! जोरदार टाळ्या!" शाल आली, नारळ आला. मनकर्णाबाई शालीला हात न लावता स्टेजवर चढली. चढताना तिनं घोडीवरची एक बाटली उचलून घेतली. निवेदिकेच्या हातून माइक ओढला.

"बायाहो," ती म्हणाली, "माणसं गप राहा. मी फक्त बायाईशी बोलून राहिली."

 काही बायका हसत पुढे सरकल्या. पैठणीचा खेळ असावा असं त्यांना वाटलं.

"आमच्या गावात दारूचं दुकान मी बंद केलं. बायाईच्या मतानं केलं. उभी बाटली म्हंजे चालू, आडवी म्हंजे बंद. आज माह्या पोरानं माह्यं नाव या बाटलीवर लावलं. हे नाव चालू ठेवाचं का बंद कराचं? तुमी सांगान ते मी मानीन. ओमप्रकाशले बी मानाव लागलं व्हतं." आणि ती बाटली तिनं टेबलावर आडवी ठेवली. "बंद कराचं त्याईनं हात वर करा."

तिला खात्री होती. बाया म्हटलं की निकाल ठरलेला, असं ती त्या दिवसापासून मानत आली होती. समोरच्या गर्दीत पाच-सहा म्हाताऱ्यांचे हात वर झाले. कॉलेजच्या त्या मुलीनंही केला. मनकर्णाबाईनं गर्दीच्या मागे, आपल्या गावच्या बायांकडे बघितलं. गंगूबाईचा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. गंगूबाई इंदूबाईकडे बघत होती. बाकीच्याही इंदूबाईकडेच बघत होत्या. इंदूबाईचे हात पदराखाली होते.

मनकर्णाबाईनं बाटली उभी केली. "चालू?"

शहरातल्या बायकांनी हसत, ओरडत हात वर केले. त्यांचं काय, त्यांना बाटलीही नवी होती आणि बाईही. मनकर्णाबाईनं त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग त्या सगळ्या हातांच्या मागे एक हात वर झाला, कोपरापर्यंत पांढरा. इंदूबाई सरळ तिच्याकडे बघत होती. मागोमाग गंगूबाईचा आणि मग सावरडोहच्या सगळ्या बायांचे हात वर झाले.

मनकर्णाबाईला स्टेजवर उभं राहवेना. पण शब्द दिलेला होता. "बायाईनं सांगतलं," ती माइकमध्ये म्हणाली. तेच शब्द, पण या वेळी ते हरलेल्या ओमप्रकाशच्या पायरीवरून म्हणावे लागले. टाळ्या पडल्या. कुणीतरी गाणं लावलं आणि तरुण मंडळी नाचायला लागली.

ती तडक रोडग्यांच्या स्टॉलवर गेली. इंदूबाई खाली बसून विस्तवातले रोडगे काठीनं उलटत होती.

"काहून वो, इंदे?" मनकर्णाबाईचा आवाज फाटला होता. "दारूसाठी हात वर केला तू? तू?"

"दारूसाठी नाही केला. तू हाराव म्हून केला."

मनकर्णाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी काय केलं तुह्यं?"

"माह्या श्रावणले तू भर मांडवात कान धरायले लावले," इंदूबाई म्हणाली. ती ओरडली नाही. रोडगा उलटत उलटतच बोलली. "सासऱ्याच्या समोर. बाटली त्याची नव्हती तरी. मी म्हनलं, जाऊ दे, मनकर्णा दारूच्या बाबतीत कोणालेच सोडत नाही. तिच्यासाठी सगळे सारखे. आज तुह्याच पोराची वाइन निंगाली. आन् तू काय म्हनलं? काय ईकाचं ते ईक, माह्यं नाव काढ. एकडाव बी म्हनली नाही का हे बंद कर. सगळं तुह्या नावाचंच व्हतं, मनकर्णा. आपला तो बाब्या आन् लोकाचं ते कार्टं."

"त्या येळी... त्या येळी बी तू उभीवरच मारला व्हता का शिक्का?"

इंदूबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "आडवीवर मारला व्हता. दोनशे बायाईले मीच समजोलं व्हतं. फोटोत खांदा आला माहा. मले त्याचं बी काई वाटलं नाही. तवा तुह्यावर जीव व्हता माहा."

 मनकर्णाबाईला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, कारण जिच्यावर काढायचा तिनं एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. अंगाची लाही झाली. ती तशीच वळली आणि गेटबाहेर जिथं गाड्या लावल्या होत्या तिथं गेली.

ऊन उतरलं होतं. श्रावण क्रूझरच्या काचा पुसत होता. मनकर्णाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हात उचलले आणि स्वतःचे कान धरले. अशा वेळी माणूस खाली बघतो. ती त्याच्याकडे डोळे वटारूनच बघत होती, जणू याही गोष्टीत चूक त्याचीच.

श्रावणनं फडकं खांद्यावर टाकलं.

"तवा मांडव व्हता, मावशी," तो म्हणाला. "माहे सासरे बसेल व्हते. आजही ते मले जावई म्हनतात तवा आधी हसतात. इथं कोन हाय? चार गाड्या हायेत. बसा तुमी. लेट होऊन राहिला."

त्यानं पुढचं दार उघडून धरलं. तिच्या सीटचं दार. मनकर्णाबाईनं त्या सीटकडे बघितलं. बसली असती तर सगळं होतं तसं राहिलं असतं. गाव, सीट, इंदूबाईचं येणंजाणं. फक्त त्यात जीव नसता, जसा तो इतकी वर्षं नव्हता आणि तिला कळलं नव्हतं. तिनं कान सोडले. दार धाडकन लावलं.

"मांडव आत हाय," ती म्हणाली. "चाल."

"कोठी?"

"चाल म्हनलं ना!"

नाचणाऱ्या पोरांमधून ती कोपरांनी वाट काढत गेली. दोघांना धक्के बसले, एकाचा पेला सांडला, तिनं वर त्यालाच झापलं. स्टेजवर चढून तिनं गाणं लावणाऱ्याकडे असं बघितलं की गाणं बंद झालं. निवेदिकेनं माइक आपणहून पुढे केला. मनकर्णाबाईनं तो घेतला, मग हाताकडे बघितलं. दोन्ही कान धरायचे तर माइक कुणी धरायचा?

"नितेश!" ती ओरडली. "ये वर. धर हे."

नितेश आला. त्याला वाटलं, आता आई आपल्याला चारचौघांत मारणार. पण त्यानं माइक तिच्या तोंडासमोर धरला. तिनं हिरव्या लुगड्याचा पदर खोचला आणि दोन्ही कान धरले. फ्लेक्सवरची बाई मागे हात वर करून उभीच होती.

"ऐका," ती म्हणाली. आवाज तोच, भांडणाचा. "तो गेटापाशी उभा हाय तो श्रावण. इंदूबाईचा पोरगा. त्याच्या लग्नात, त्याच्या सासऱ्यासमोर, मी त्याले कान धरायले लावले. त्याचा काई गुन्हा नव्हता. गुन्हा माह्या घरी निंगाला. म्हून हे कान मी धरून राहिली. मोबाइलवाले, घ्या फोटो! मंगाशी तं लय घेत व्हते, आता काहून थांबले? घ्या, आन् त्याच्या सासऱ्याले पाठवा."

कुणी हसलं नाही. गर्दीच्या मागे इंदूबाई उभी होती, राखेनं माखलेले हात पुढे धरून.

"आन् बाटलीवरचं नाव राहू द्या," मनकर्णाबाई म्हणाली. "बायाईनं सांगतलं हाय. पण आमच्या घरी हे चालनार नाही, नितेश. नावासाठी नाही सांगून राहिली. हे बंद कर. उद्यापासून त्या कंपनीत जाऊ नको." मग तिनं कान न सोडता मान वळवून मुलाकडे बघितलं. "तुहे बी धर."

नितेशनं एकदा मॅनेजरकडे बघितलं आणि एकदा आईकडे. त्याचा एक हात माइकमध्ये अडकलेला होता, म्हणून त्यानं एकच कान धरला.

श्रावण गेटपाशी किल्ली हातात घेऊन उभा होता. तो ना हसला ना पुढे आला. तिथूनच त्यानं आवाज दिला, "झालं असन तं चाला, मावशी. मले दुसरं भाडं हाय."

परतीच्या वाटेवर मनकर्णाबाई मागे, रिकाम्या पोत्यांवर, गंगूबाईच्या गुडघ्यांना टेकून बसली. पुढची सीट मोकळी होती. गाडी सुटायच्या आधी इंदूबाईनं त्या सीटकडे बघितलं, मग मागे चढली आणि मनकर्णाबाईला कोपरानं ढोसलून म्हणाली, "सरक तिकडी. किती जागा लागते तुले?"

मनकर्णाबाई सरकली.